नेपाळी, मराठी आणि इतर

अमेरिकेच्या जनगणना खात्याचा एक तक्ता आहे. देशात घरी कोणती भाषा बोलणारी किती माणसं राहतात आणि त्यांतल्या किती जणांना इंग्रजी नीट बोलता येतं, एवढंच त्यात असतं. स्पॅनिशला स्वतंत्र ओळ आहे. गुजरातीला आहे, हिंदी, उर्दू, पंजाबी, बंगालीला आहे. तेलुगू आणि तमिळ यांनाही आहे. मराठी शोधायला गेलं की सापडते ती 'नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय आर्य भाषा' या ओळीत, एका बाकावर दाटीवाटीनं बसल्यासारखी. तक्रार तरी कुठल्या तोंडानं करावी? 2016 च्या आधी एवढंही नव्हतं. तोवर पंजाबी, बंगाली, मराठी सगळ्या 'इतर'च्या एकाच गाठोड्यात होत्या.

हा तक्ता घरोघरी डोकी मोजून तयार होत नाही. 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' नावाची पाहणी वर्षभर चालू असते, तिची प्रश्नावली दरवर्षी सुमारे 35 लाख पत्त्यांवर जाते आणि आलेल्या उत्तरांवरून साऱ्या देशाचा अंदाज बांधला जातो. भाषा बोलणारे थोडे असले की नमुन्यात सापडणारे त्याहून थोडे, आणि मग अंदाज डळमळतो. शिवाय एखाद्या लहान गावातलं एकुलतं एक मराठी घर आकड्यावरून ओळखू येण्याची भीती असते. म्हणून लहान भाषांची मोळी बांधतात. 2009 ते 2013 या पाच वर्षांची उत्तरं एकत्र करून खात्यानं एक सविस्तर यादी काढली होती. तिच्यात घरी मराठी बोलणारे सुमारे 73 हजार निघाले, तर तेलुगू बोलणारे अडीच लाखांच्या घरात. पंगतीत स्वतंत्र पान कुणाला मिळतं, ते यावरून कळावं.

मला या बाकाबद्दल कुतूहल आहे ते मात्र शेजाऱ्यामुळे. अमेरिकेतला मराठी माणूस आणि अमेरिकेतला नेपाळी बोलणारा माणूस यांच्या भाषा चुलत बहिणी आहेत, लिपी एक आहे. पण दोघांच्या इंग्रजीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. तो फरक कुठून येतो हे पाहिलं, तर घरची भाषा आणि इंग्रजी यांच्या नात्याबद्दल आपण जे गृहीत धरतो त्यातलं बरंचसं गळून पडतं.

आधी प्रश्न नेमका काय विचारतात ते पाहू. त्याचे तीन भाग आहेत. ही व्यक्ती घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलते का? बोलत असल्यास कोणती? आणि ती व्यक्ती इंग्रजी कितपत बोलते: 'व्हेरी वेल', 'वेल', 'नॉट वेल' की 'नॉट ॲट ऑल'? पाच वर्षांखालच्या मुलांना यातून वगळलं आहे. प्रश्नाचं हे रूप 1980 पासूनचं, पण भाषेची चौकशी त्याहून बरीच जुनी. इंग्रजी येतं की नाही हे 1890 च्या जनगणनेतही विचारलं होतं. 1910 मध्ये परदेशात जन्मलेल्यांची मातृभाषा नोंदवायचं ठरलं ते अगदी आयत्या वेळी. अर्ज छापून झालेले. मग काय, जन्मस्थळाच्या रकान्यातच ती कोंबून लिहायला सांगितलं गेलं. त्या घाईला कारण होतं. जन्मस्थळ 'रशिया' एवढंच लिहिलं तर तो माणूस पोलिश, ज्यू, लिथुआनियन की जर्मन, याचा पत्ता लागत नव्हता.

आता समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एक मराठी घर आहे. नवरा-बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, आठ वर्षांचा मुलगा, आणि नातवाजवळ राहायला साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आजी. या घराच्या पत्त्यावर प्रश्नावली आली, तर आजी मोजली जाईल का? जाईल. त्या पत्त्यावर दोन महिन्यांहून जास्त मुक्काम असलेला प्रत्येक जण या पाहणीत धरला जातो. नागरिक आहे की पाहुणा, व्हिसा कुठला, याच्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा साताऱ्याची आजी सहा महिने का होईना, 'नेपाळी, मराठी किंवा इतर'च्या बाकावर बसून येते.

सगळ्यांची उत्तरं बहुधा एकटा नवराच भरणार. स्वतःसमोर 'व्हेरी वेल'. बायकोसमोर 'व्हेरी वेल'. आजीपाशी येऊन त्याची बोटं थबकतात. तिला टीव्हीवरचं बरंच कळतं. दुकानात ती 'हाऊ मच?' विचारते, शेजारणीला 'थँक्यू' म्हणते, 'नो शुगर' ठणकावून सांगते. समजणं, वाचणं, लिहिणं यांबद्दल अर्ज काही विचारत नाही. फक्त बोलणं विचारतो. 'वेल' लिहावं की 'नॉट वेल'? आजीलाच विचारलं तर ती म्हणणार, "लिही की, थोडं थोडं येतं." थोडं थोडंची चौकट अर्जात नाही.

गंमत अशी, की यातलं काहीही लिहिलं तरी फरक पडत नाही. तक्त्यात चार उत्तरांचे दोनच गट होतात: 'व्हेरी वेल' एकीकडे आणि उरलेले तिन्ही दुसरीकडे. म्हणजे इंग्रजी 'चांगलं' येतं असं सांगणारा माणूसही इंग्रजी अपुरं असलेल्यांत जमा होतो. ऐकताना हे अन्यायाचं वाटतं, पण त्यामागे तपासणी आहे. 1982 मध्ये याच खात्यानं काही लोकांची इंग्रजीची प्रत्यक्ष परीक्षा घेतली आणि निकाल त्यांच्या स्वतःच्या उत्तरांशी ताडून पाहिले. 'व्हेरी वेल' सांगणारे इंग्रजीच बोलत मोठे झालेल्यांच्या जवळपास पोचत होते. 'वेल' म्हणणाऱ्यांना मात्र खरोखर अडचण येत होती. तेव्हापासून रेघ तिथं मारली गेली. आपल्याकडे 'कामापुरतं येतं' म्हणणाऱ्यांत निष्णात वकीलही असतो आणि स्टेशनावर पाट्या वाचणाराही. विनयाला आकड्यांत जागा नसते, आणि फुशारकीलाही नसते.

आता मोठे आकडे. 1980 मध्ये घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणारे अमेरिकेत 2 कोटी 31 लाख होते, पाच वर्षांवरील लोकसंख्येच्या साधारण दहात एक. 2019 मध्ये ते 6 कोटी 78 लाख झाले, जवळपास पाचात एक. हा आकडा निवडणुकीच्या दिवसांत भाषणांमधून भीती घालायला वापरला जातो: बघा, देशात इंग्रजी न येणारे किती वाढले! पण तक्त्याचा तिसरा प्रश्न तसं सांगत नाही. या 6 कोटी 78 लाखांपैकी सुमारे 62 टक्के लोक इंग्रजी 'व्हेरी वेल' बोलतात. घरी दुसरी भाषा असणं म्हणजे इंग्रजी कच्चं असणं, हे समीकरण बहुसंख्य घरांत खोटं ठरतं.

भाषागणिक मात्र चित्र पालटतं. घरी चिनी किंवा व्हिएतनामी बोलणाऱ्यांत 'व्हेरी वेल'वाले निम्म्याहून कमी आहेत, तर फिलिपिन्सच्या तागालोगवाल्यांत पुष्कळ जास्त. तागालोग ही काही इंग्रजीच्या नात्यातली भाषा नव्हे. 1898 नंतर फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य आलं आणि तिथल्या शाळा इंग्रजीत चालू लागल्या. आजही तिथं इंग्रजी राजभाषा आहे. मनिलाची नर्स न्यूयॉर्कच्या विमानात बसते तेव्हा इंग्रजी तिच्याकडे आधीच असतं. व्हिएतनाममधून 1975 नंतर होड्यांतून निसटलेल्या माणसाकडे ते असण्याचं कारण नव्हतं.

याहून बोलकं उदाहरण न्यूयॉर्क शहरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. कीर्यास जोएल नावाचं गाव, हसिदी ज्यूंचं. 2000 च्या जनगणनेत तिथल्या 89 टक्के लोकांची घरची भाषा यिद्दिश होती. इंग्रजी घरी न बोलणाऱ्यांपैकी 46 टक्क्यांना इंग्रजी नीट येत नव्हतं किंवा अजिबात येत नव्हतं. आणि या गावातले बहुतेक लोक अमेरिकेतच जन्मलेले! मुलग्यांच्या शाळेचा बराचसा वेळ धर्मग्रंथांच्या अभ्यासात, तोही यिद्दिशमधून जातो. याच तक्त्यात यिद्दिशला खेटून पेनसिल्व्हेनिया डच बसली आहे, म्हणजे आमिश लोकांची जर्मन बोली. आमिशही बंद समाज, घोडागाडीतून फिरणारा, घरची भाषा दोन-तीनशे वर्षं जपलेला. पण त्यांची मुलं शाळेत गेली की इंग्रजी शिकतात, कारण त्यांच्या एकखोली शाळेत शिकवणं इंग्रजीत चालतं. घरी काय बोलतात यापेक्षा शाळा काय बोलते याचा हिशेब तिसऱ्या प्रश्नात उमटतो.

आता आपला बाक. मराठी माणूस अमेरिकेला जातो तो कुठल्या दारातून? 1965 च्या कायद्यानं राष्ट्रागणिक ठरलेले जुने कोटे मोडले आणि शिकलेल्यांसाठी दार उघडलं. 1990 च्या कायद्यानं एच-वन-बी व्हिसा आजच्या रूपात आणला. या दारावर पदवी दाखवावी लागते, आणि आपल्याकडची अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय पदवी बहुतेक इंग्रजीतूनच मिळते. सांगलीच्या मराठी शाळेत दहावी केलेला मुलगाही तिथं पोचेपर्यंत इंग्रजीच्या चार-सहा चाळण्यांतून गेलेला असतो. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या लोकांत पाचातले चार जण एक तर घरी इंग्रजीच बोलतात किंवा ते 'व्हेरी वेल' बोलतात. यात भारतीयांच्या भाषिक प्रतिभेचं कौतुक करायची पद्धत आहे. मला वाटतं, कौतुक चाळणीचं करावं. चाळणीवर राहिलेल्यांना मोजून साऱ्या पोत्याची परीक्षा होत नाही.

शेजारी बसलेला नेपाळी बोलणारा मात्र नेपाळचाच असेल असं नाही. दक्षिण भूतानमध्ये नेपाळी बोलणारे शेतकरी राहत असत, ल्होत्शाम्पा म्हणून ओळखले जाणारे. 1990 च्या आसपास त्यांच्यातल्या लाखभर लोकांना देश सोडावा लागला. पूर्व नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत त्यांनी जवळपास वीस वर्षं काढली. 2008 पासून त्यांना दुसऱ्या देशांत वसवायला सुरुवात झाली आणि 90 हजारांहून अधिक जण एकट्या अमेरिकेत गेले. ओहायोतलं कोलंबस, पेनसिल्व्हेनियातलं पिट्सबर्ग ही त्यांची मोठी ठिकाणं. छावणीतल्या शाळांत इंग्रजी शिकवलं जाई, त्यामुळे तरुण पिढीनं कसंबसं निभावून नेलं. वेलचीची, संत्र्याची शेती करून म्हातारे झालेल्यांपैकी अनेकांना कुठलीच लिपी येत नव्हती. भूतानी निर्वासितांत इंग्रजी उत्तम बोलणारे निम्म्याहूनही कमी.

या दोघांची सरासरी काढून ती एका ओळीत छापली तर ती कुणाचीच नसते. मराठी अभियंत्याला ती कमी लेखते. कोलंबसमधल्या म्हाताऱ्याची गरज ती झाकते, आणि हे नुकसान जास्त मोठं.

कारण या आकड्यांवर पुष्कळ काही टांगलेलं आहे. वृद्ध आणि अपंग गरिबांना अमेरिकेत दरमहा सरकारी मदत मिळते. निर्वासिताला ती सात वर्षंच मिळते. त्यापुढे हवी असेल तर नागरिक व्हावं लागतं. नागरिक व्हायचं तर इंग्रजीची परीक्षा. वय 55 असेल आणि कायम वास्तव्याला 15 वर्षं झाली असतील, किंवा वय 50 आणि 20 वर्षं, तर इंग्रजीची सूट मिळते. सत्तरीत येऊन उतरलेल्या म्हातारीनं हे गणित कसं सोडवायचं? सात वर्षांनी मदत थांबते, सूट पंधराव्या वर्षी. अधल्यामधल्या आठ वर्षांत एक तर डॉक्टरचा दाखला आणा, नाही तर उतारवयात अक्षरं गिरवा. छावणीत पाटीला हात न लावलेल्या आज्या कोलंबसच्या वर्गांत पेन धरायला शिकल्या, त्यामागे हे गणित होतं.

शाळांची गोष्ट आणखी जुनी. सॅन फ्रान्सिस्कोत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजी न येणारी 2,856 चिनी मुलं शाळेत होती आणि त्यांतल्या सुमारे 1,800 जणांना कसलीच जादा शिकवणी मिळत नव्हती. शाळांचं म्हणणं, सगळ्यांना तेच शिक्षक, तीच पुस्तकं देतो, मग भेदभाव कसला? 1974 मध्ये 'लाऊ विरुद्ध निकोल्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की न समजणाऱ्या भाषेत सारखंच शिकवणं हे समान शिकवणं होत नाही. पुढच्याच वर्षी मतदानाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. आजच्या नियमानुसार एखाद्या भागात एका भाषिक अल्पसंख्य गटातले इंग्रजी अपुरं असलेले मतदार 10 हजारांहून अधिक किंवा 5 टक्क्यांहून अधिक असतील आणि त्यांच्यातली निरक्षरता देशाच्या सरासरीहून जास्त असेल, तर मतपत्रिका त्यांच्या भाषेतही द्यावी लागते. ते आकडे येतात याच पाहणीतून. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात 2013 पासून मतपत्रिकेवर बंगाली दिसू लागली ती याच रेघेमुळे. मराठीची ती वेळ येईल असं दिसत नाही, आणि त्याचं वाईटही वाटायला नको. ती सोय इंग्रजी न येणाऱ्यांची आहे.

इस्पितळात मात्र चूक मतपत्रिकेवरच्या चुकीहून महाग पडते. 1980 मध्ये फ्लोरिडात एका 18 वर्षांच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत आणलं. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये 'इंटॉक्सिकादो' असा शब्द वापरला. क्यूबन बोलण्यात त्याचा अर्थ खाण्या-पिण्यातून काहीतरी बाधलं. इंग्रजी कानाला तो नशेचा शब्द वाटला. अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार चालू राहिले आणि मेंदूतला रक्तस्राव वेळेवर लक्षात आला नाही. मुलगा हातापायांनी कायमचा लुळा झाला. पुढे तडजोडीची रक्कम सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलरवर गेली. दुभाष्याचा खर्च परवडत नाही म्हणणाऱ्यांना हा खटला नेहमी ऐकवला जातो.

दुभाषी नसला की ते काम घरातल्या पोरावर येतं. खात्याच्या तक्त्यांत घरांचाही एक वर्ग असतो: चौदा वर्षांवरच्या एकालाही इंग्रजी उत्तम येत नाही अशी घरं. पूर्वी त्यांना 'भाषेनं एकाकी' असं नाव होतं. ते लोकांना बोचत असे, म्हणून 2011 मध्ये बदललं. व्याख्या तीच राहिली. पण बारा वर्षांची मुलगी आजोबांच्या कॅन्सरचं निदान त्यांना नेपाळीत समजावून सांगते, ते घर या व्याख्येत एकाकीच धरलं जातं, आणि बरोबरच धरलं जातं. आणीबाणी वगळता लहान मुलांना इस्पितळात दुभाषी म्हणून वापरू नये असा नियम 2016 मध्ये झाला. सरकारी खात्यांनी इंग्रजी न येणाऱ्यांची सोय करावी, हा अध्यक्ष क्लिंटन यांनी ऑगस्ट 2000 मध्ये काढलेला आदेश मात्र 1 मार्च 2025 ला रद्द झाला. त्याच दिवशी, त्याच कागदावर, इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा असल्याचं अध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीर केलं. तोवर अडीचशे वर्षांच्या त्या देशाला साऱ्या राष्ट्राची अशी अधिकृत भाषा नव्हतीच.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती अवलंबून असतं, हे दुसऱ्या देशांचे अर्ज पाहिले की ध्यानात येतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011 पासून 'तुमची मुख्य भाषा कोणती' असं विचारतात. दिवसभर इंग्रजीत रोगी तपासून संध्याकाळी घरी मराठी बोलणारी लेस्टरची डॉक्टरीणबाई तिथं 'इंग्रजी' लिहून मोकळी होऊ शकते; अमेरिकेत तिला 'मराठी' लिहावं लागलं असतं. भारताची जनगणना तर घरात आज काय बोलता ते विचारतच नाही. ती मातृभाषा विचारते, आणि तिची व्याख्या मोठी हळवी आहे: लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती. आई तान्हेपणीच वारली असेल तर त्या घरात मुख्यतः बोलली जाणारी. जालन्यात तीन पिढ्या राहून घरीदारी मराठीच बोलणारा माणूस मारवाडी सांगतो, आणि ते चूक नसतं. शिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारतात. किती येतात ते नाही. 2011 मध्ये इंग्रजी मातृभाषा सांगणारे देशात सुमारे 2 लाख 60 हजार होते, त्यांतले लाखभर एकट्या महाराष्ट्रात. दुसरी-तिसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे धरले की आकडा 13 कोटींच्या जवळ जातो. त्यांत न्यायमूर्तीही आहेत आणि 'माय नेम इज' पर्यंत पोचलेलेही. आपल्याकडे 'व्हेरी वेल'ची रेघच नाही.

एडिसनच्या त्या घरात अर्जाचं शेवटचं पान उरलंय. मुलाच्या नावापुढे बाप लिहितो: घरी दुसरी भाषा, होय, कोणती, मराठी, इंग्रजी, व्हेरी वेल. यातलं एकही उत्तर खोटं नाही. आजी आहे तोवर घरात मराठी चालू आहे. स्थलांतरितांच्या घरांत पहिली पिढी घरची भाषा घेऊन येते, दुसरी दोन्ही सांभाळते आणि तिसरी बहुधा इंग्रजीपुरती उरते. जर्मन, इटालियन, पोलिश यांचं असंच झालं, आणि स्पॅनिशचंही दक्षिण कॅलिफोर्नियात तसंच होताना अभ्यासकांनी पाहिलंय. एखाद्या ओळीतले आकडे वाढत राहतात ते बऱ्याच अंशी नव्या विमानांमुळे. हा मुलगा उद्या स्वतःच्या घराचा अर्ज भरेल तेव्हा पहिल्याच प्रश्नाला 'नाही' म्हणून थांबेल, आणि उरलेले दोन प्रश्न त्याला विचारलेच जाणार नाहीत.

आत्ता मात्र तो जमिनीवर पालथा पडून चित्रं रंगवतोय. आजी स्वयंपाकघरातून विचारते, "जेवायला वाढू का रे?" त्याला सगळं कळतं. "इन अ मिनिट, आजी," तो म्हणतो. बाप पेनाचं टोपण लावतो आणि पाकीट बंद करतो.